सहा अंडी

गेनबाने मॅडमला फसवलं, पण त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. मॅडमनी सहा अंडी मागितली होती आणि खुराड्यात होती चार.

ही दहा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. वाघोलीच्या पुढे, खाणींच्या अलीकडे गेनबाचं दोन खोल्यांचं घर. मागे भिंत, भिंतीपलीकडे भंगाराचं गोदाम. तिथे तांब्यासाठी तारा जाळायचे. वरचं प्लास्टिक पेटलं की काळा धूर भिंत ओलांडून अंगणात उतरायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा. लोकांनी तक्रारी केल्या, शेवटी गोदामाला कुलूप लागलं. जळक्या राखेचा ढीग मात्र तिथेच राहिला.

मग एका संस्थेकडून उम्मेहानी मॅडम तपासणीला आल्या. शहरातल्या कॅम्पात वाढलेल्या. त्यांची मराठी इतकी स्वच्छ, की गेनबाला त्यांच्यापुढे तोंड उघडायचा संकोच वाटायचा. त्यांनी रस्त्याकडची, भिंतीलगतची आणि खुराड्यापासची माती काचेच्या बरण्यांत घेतली आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या मोकळ्या कोंबड्यांची सहा अंडी लागतील. उद्या सकाळी नेते."

"अंड्यात काय बगनार?"

"डायॉक्सिन. प्लास्टिक जळताना तयार होणारं विष. जमिनीवर पडलेलं कोंबडी टिपते, ते तिच्या चरबीत साठतं, तिथून बलकात उतरतं. म्हणून आम्ही कोंबडीला विचारतो. माणसांना विचारलं की ती काहीही सांगतात."

गेनबा हसला होता.

पण त्या आठवड्यात दोन कोंबड्या खुडूक बसल्या होत्या, अंडी देत नव्हत्या. आणि घरात दीपमाला होती. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. तिची आई, बायडाबाई, मागच्या दिवाळीत गेली. आई नाही म्हणून लेकीच्या बाळंतपणात काही कमी पडलं, असं कुणी म्हणू नये, एवढं एकच गेनबाने मनात धरलं होतं. सातव्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हापासून घरचं ताजं अंडं तिच्या ताटात रोज असायचं. ते मॅडमच्या पिशवीत कसं टाकायचं? तिकडे नेऊन फोडणारच होते ना.

तो चौकातल्या दुकानात गेला आणि तांबूस सालीची सहा अंडी घेऊन आला. फार स्वच्छ दिसत होती. म्हणून त्याने त्यांना थोडी माती आणि कोंबड्यांची विष्ठा चोळली. सकाळी मॅडमनी ती एकेक करून चंदेरी कागदात गुंडाळली आणि वर त्याचं नाव लिहिलं.

आज मॅडम कागद घेऊन परत आल्या होत्या.

दीपमाला आतल्या कॉटवर सात आठवड्यांच्या अर्णवला पाजत होती. मधलं दार उघडंच होतं. गेनबाने मॅडमला खुर्ची दिली आणि आपण उंबऱ्यावर बसला.

"माती वाईट आहे काका," मॅडम म्हणाल्या. "खूपच वाईट."

"मंजी किती?"

"हे विष आम्ही ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात मोजतो. इतकं थोडंसुद्धा पुरतं. एकदा शरीरात गेलं की वर्षानुवर्षं चरबीत बसून राहतं. रस्त्याकडच्या मातीत निघालं, त्याच्या चाळीस पट तुमच्या खुराड्यापाशी निघालंय. भिंतीलगत त्याहून कमी. धूर भिंतीवरून यायचा, मग भिंतीपाशी कमी आणि इथे जास्त कसं? हे कोडं काही मला सुटत नाही."

गेनबाने अंगणात पाहिलं. खुराड्यासमोरच्या खड्ड्यात तीन कोंबड्या राखेत लोळत होत्या. पंख फुलवून राख अंगात घुसळत होत्या.

ती राख त्यानेच आणली होती. कोंबड्यांना पिसवा झाल्या की बायडाबाई चुलीतली राख टाकायची. गॅस आला आणि घरातली राख संपली. तेव्हा तीच म्हणाली होती, पलीकडं एवढी पडलीय, आना की दोन पोती. त्याने आणली. खड्डा रिकामा झाला की पुन्हा आणली. अशी दोन वर्षं.

"आणि अंडी?" त्याने विचारलं.

"अंडी स्वच्छ. अगदी दुकानातल्या अंड्यांसारखी." मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बलकही फिकट होता. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीचा असा नसतो. तुमच्याच कोंबड्यांची होती ना?"

"व्हय."

आतून दीपमाला हसली. "बगा! आबा उगाच जिवाला घोर लावून बसलेले. आवो आबा, आजची उकडा. मॅडमलाबी द्या एक."

"मला नको, उपास आहे," मॅडम म्हणाल्या.

"आज मंगळवारचा?"

"रमजानचे काही रोजे राहिले होते, ते फेडतेय." मॅडमनी फाइल बंद केली. "ठीक आहे. अंडी खायला हरकत नाही असं लिहिते."

गेनबा उठला. खुराड्यात हात घालून त्याने चार अंडी काढली. एक अजून गरम होतं. स्वयंपाकघरात येऊन त्याने ती पातेल्यात ठेवली आणि वर पाणी ओतलं.

बायडाबाईचं पोट दुखायला लागलं, खाणं तुटलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की अंगात ताकद राहिली पाहिजे. तिला दुसरं काही जात नव्हतं. तो सकाळी एक आणि संध्याकाळी एक अंडं कुस्करून भरवायचा. ती म्हणायची, पुरे आता. तो म्हणायचा, घरचं हाय, खा. आता सांगितलं, तर ती सगळी अंडी पुन्हा डोळ्यांसमोर येणार होती. गप्प राहिलं, तर नाही. कागदावर लिहून आलं होतं की अंडी स्वच्छ आहेत.

त्याने गॅस पेटवायला हात पुढे केला. पलीकडच्या खोलीत अर्णव दूध पीत होता. घोट गिळल्याचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता.

गेनबाने पातेल्यात हात घातला.

मॅडम स्कूटरची किल्ली लावत होत्या. तो ओल्या हातात चार अंडी घेऊन फाटकाशी आला.

"मॅडम, ती अंडी दुकानातली व्हती."

मॅडम थांबल्या. "आणि माती?"

"मीच चोळली."

"छान चोळली होती."

"घरची पोरीला ठेवली. चारच व्हती, तुमी सहा मागितलेली."

त्यांनी अंडी घेतली, ओढणीने पुसली आणि डिकीतला चंदेरी कागद काढला. "चार चालली असती काका," त्या म्हणाल्या. "तेव्हाही चालली असती."

मग त्याने राखेचंही सांगितलं. त्या खड्ड्याकडे चालत गेल्या, वाकून पाहिलं, हात लावला नाही. कोंबड्या त्यांना बघून हलल्यासुद्धा नाहीत.

"ही झाडू नका, उचलू नका. वर प्लास्टिक टाका, आमची माणसं येतील. अंडी आजपासून बंद. कोंबड्याही खायच्या नाहीत."

दीपमाला अर्णवला घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकत होती. "मग मी खाल्ली ती?"

"दूध तोडायचं नाही," मॅडम पटकन म्हणाल्या. "काही निघालं तरी बाळाला आईचं दूधच बरं, हे पक्कं आहे. पण मोजायला हवं." त्यांनी पिशवीतून एक छोटी काचेची बाटली काढली. "चालेल?"

दीपमालाने बाटली घेतली. तिने बापाकडे पाहिलं.

"आबा, आईबी हीच खायची ना?"

"रोज दोन," गेनबा म्हणाला.

मॅडमच्या हातात पेन होतं. त्यांनी काही लिहिलं नाही.

"किती दिवसांनी कळंल?" दीपमालाने विचारलं.

"सहा आठवडे."

ती अर्णवला बापाच्या हातात देऊन आत गेली. बाटली भरायला वेळ लागला. पोराचं पोट अर्धंच भरलं होतं. गेनबा त्याला खांद्यावर घेऊन खड्ड्यापाशी गेला आणि कोंबड्यांना पायाने हुसकलं. त्या चार पावलं लांब गेल्या आणि तो जायची वाट बघत उभ्या राहिल्या. अर्णव दुधासाठी रडत होता.