मनूचा उजवा पाय

मुरगळला म्हंजे मोडला न्हाई. हे मी पयल्या दिवसापास्नं बोंबलून सांगतोय, पन ऐकतंय कोन? गल्लीतलं शेंबडं पोर बी दारात यायचं, माझ्या घोट्याकडं बघून "आरारारा" म्हनायचं आन् पळून जायचं. मिलिट्रीत आसताना गुडघाभर बर्फात उभा ऱ्हायलो, तवा आरारा म्हनायला कोन आलं न्हवतं. आन् आता आपल्याच दारातल्या पायरीवर पाय मुरगळला, तर सगळं गाव चौकशीला! जाऊ द्या.

झालं ते आसं. माझी बायकू मनुबाई. तिला दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. उजवं आंग गेलं, बोलनं गेलं. डोळं तेवढं बोलायचं ऱ्हायलं. तिला सकाळचं ऊन लय आवडायचं, म्हनून रोज मी तिला दोन हातांवर उचलून आंगनातल्या खुर्चीत न्यून बसवायचो. त्या दिवशी पायरी दवानं वली झालेली. पाय सटकला. तिला सोडली आसती तर मी सावरलो आसतो. सोडली न्हाई. तिला छातीशी धरून मी खाली बसलो आन् माझा डावा पाय आंगाखाली गेला. घोट्यात काटकन वाजलं. तिला खरचटलं बी न्हाई, हे लिवून घ्या.

आमचा पोरगा वीरधवल सांगलीला आसतो. तो गाडी घिऊन पळत आला, मला साताऱ्याला न्हेलं, फोटू काढला. हाड शाबूत. डॉक्टर म्हनला, लिगामेंट ताणलंय, तीन आठवडं पायावर भार टाकू नका, वजन तर आजिबात उचलू नका.

घरी आल्यावर वीरधवल माझ्यासमोर बसला. मग म्हनला, "आण्णा, तुम्हीच भिंतीला धरून चालताय. आईला उचलणार कोण?"

"मी."

"कसं?"

"हातानं. पायानं उचलत्यात व्हय रं?"

तो हसला न्हाई. सांगलीत आजारी मानसं सांभाळायचं एक केंद्र हाय, तिथं तो चौकशी करून आला हुता. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई, नवरा-बायको दोघं नोकरीला. केंद्रात नुस्तं पेशंट ठेवत्यात, बरोबरच्या मानसाला जागा न्हाई. मी जे वरडायला लागलो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेवटी त्यानं माझा हात धरला.

"रविवारी येतो. तुम्ही आईला पलंगावरनं उचलून अंगणात नेऊन दाखवा, मी मुकाट्यानं परत जातो. नाही जमलं, तर तिला नेणार. मग मला शिव्या घाला."

पोरगं वाईट न्हाई. त्याचं चुकलं म्हनायला बी जागा न्हाई, आन् त्याचाच मला लय राग यायचा.

तवर समोरच्या घरातली खातूनबी आन् तिची सून तहरीम दोघी मिळून मनूचं सगळं करत हुत्या. खातूनबी मनूची लगीन झाल्यापास्नंची मैतरीन. माझ्या पायाला आंबेहळद आन् तुरटीचा लेप तीच गरम करून लावायची. पन सूज उतरंल तर शपथ. घोटा वांग्यागत फुगलेला, रंग बी तसाच. मी उगंच दोन पावलं टाकून बघायचो आन् आई गं म्हनून खाली बसायचो.

एक दिवस तिनं लेपाची वाटी आपटलीच. "आवं सुबेदार, औषध तुमच्या पलंगावर निजलंय आन् मला कशाला हळद उगाळाय लावताय?"

ती काय म्हनती ते मला बराबर कळलं हुतं.

मनू पायाळू. म्हंजे आईच्या पोटातनं डोक्याआधी पाय बाहेर घिऊन जल्मलेली. आसल्या मानसाचा पाय लागला की भरलेली उसन, मुरगळलेला हात-पाय बरा हुतो, आसं आमच्याकडं मानत्यात. मनू ह्या गावात नांदायला आल्यापास्नं दिवस उगवायला आमच्या दारात कुनी ना कुनी पालथं पडलेलं आसायचंच. मनू चहाचं आधन ठिवायची, पदर खोचून बाहेर यायची, उजवा पाय त्याच्या कमरंला हळू लावायची आन् परत चुलीकडं. कोन बरं व्हायचं, कोन न्हाई. पन लोकं यायची. खातूनबीची कंबर तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुनाकडं गेलीच न्हाई.

ऱ्हायलो फकस्त मी. एकदा सुट्टीवर आलो आन् पोतं उचलताना माझ्या कमरंत उसन भरली. मी ऐटीत आंगनात पालथा पडलो. म्हनलं, लाव पाय. ही बया दारातनं मागं सरली! "नवऱ्याला पाय लावू व्हय? त्यापरीस पाय तोडून टाकीन." हात जोडलं, रागावलो, उपाशी बसलो. न्हाई म्हंजे न्हाई. शेवटी गुंडा पैलवान म्हनून शेजारच्या गावात एक पायाळू हुता, त्याच्याकडं मला बैलगाडीत घालून धाडलं. त्या रेड्यानं आसली लाथ घातली की उसन ऱ्हायली बाजूला, मी पंधरा दिवस बसू शकलो न्हाई. ती मातूर तोंडाला पदर लावून हसत हुती.

आता तोच तिचा उजवा पाय मेलेला. व्यायाम घ्यायला एक पोरगी साताऱ्यावरनं यायची. "आजी, अंगठा हलवा, आजी, थोडासा," आसं किती गोंजारायची. पाय लाकडावानी पडलेला. मग डॉक्टर बी म्हनला, आता काय हुईल आसं वाटत न्हाई.

त्या दिवशी खातूनबी घरी गेल्यावर मी स्टूल वढून पलंगाच्या पायथ्याला बसलो. मनू माझ्याकडं बघत हुती.

"मनू, रविवारी पोरगा येनार. मला उभं ऱ्हाया पायजे. न्हाईतर तुला घिऊन जातील गं."

तिच्या डोळ्यांत पानी आलं. तिला सगळं कळत हुतं. मी माझा सुजलेला पाय दोन हातांनी उचलून पलंगावर ठिवला. तिनं डावा हात हलवला. नको, नको.

"पाप लागलं तर मला लागंल. तुझं नाव बी घेत न्हाई," म्हनलं आन् घोटा तिच्या उजव्या पायाकडं सरकावला.

टेकनार, एवढ्यात तिचा पाय मागं गेला.

खोटं सांगत न्हाई. बोटं आखडली, टाच चादरीवरनं घासत मागं सरली. वीतभर न्हाई, चार बोटं आसंल. पन गेली! जो पाय डॉक्टरला हलला न्हाई, त्या पोरीला हलला न्हाई, तो नवऱ्याला लागू नये म्हनून हलला. मी आदी हसलो. म्हनलं, आगं येडे, लाज तेवढी जित्ती ठिवलीस व्हय! आन् मग लय रडलो. सुबेदार हंबीरराव रडला, हे बी लिवून घ्या.

रविवारी वीरधवल आला. बरोबर सून पूजा. मी पायाला पट्टी करकचून बांधली, मनूला दोन हातांवर उचलली. चार पावलं नीट गेलो. उंबऱ्यात डावा पाय टाकला आन् घोट्यातनं कळ आली ती डोक्यात गेली. वीरधवल तयारच हुता. त्यानं आईला वरच्यावर झेलली, पलंगावर ठिवली. पूजा कपाटातली लुगडी पिशवीत भराय लागली.

मी भिंतीला धरून वरडलो, "आरं, तिचा पाय हलला! उजवा! मी बघितला ह्या डोळ्यांनी!"

वीरधवल थांबला. पोराचं तोंड बघवंना. "आण्णा, खरंच? तसं असेल तर नाही नेत. रोजचा माणूस लावतो, इथंच उपचार करतो. दाखवा मला."

दाखवनं लय सोपं हुतं. माझा पाय तिच्या पायाला लावायला नेला की झालं. मी पलंगाशी गेलो. पाय उचलला बी. मनूनं माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं, मग सुनंकडं. आन् डोळं घट्ट मिटून घेतलं. डावा हात पदर शोधत हुता. सगळ्या जल्मात जे तिनं केलं न्हाई, त्याची पोराच्या आन् सुनंच्या देखत मी परीक्षा घ्यायची? तिनं लाजंनं पाय वढायचा आन् आमी टाळ्या पिटायच्या? मला न्हाई जमलं.

पाय खाली ठिवला. "भास झाला आसंल," म्हनलो.

गाडीत बसवताना तिनं डाव्या हातानं माझं बोट धरलं, ते वीरधवलला सोडवायला लागलं.

घोटा बरा झाला. डॉक्टरनं सांगितलेल्या मुदतीत, आगदी ठनठनीत. ज्याला त्याला आनंद झाला. मी दर आठवड्याला कोरेगावातनं यष्टी धरायचो, सांगलीला जायचो, तिचा उजवा पाय हातात घिऊन चोळत बसायचो. थंड आसायचा. तिथल्या बाया चांगल्या हुत्या, पन खोलीत ऊन येत न्हवतं. मी म्हनायचो, मनू, आता मी दोन तुझ्यासारख्या उचलंन, चल घरी. वीरधवल बी तयार झाला हुता. पाडव्याला न्हेऊ म्हनला. ती शिमग्याच्या आदीच गेली.

त्याच आंगनात आनून ठिवली. सवाष्न गेली म्हनून हिरवं लुगडं, मळवट भरलेला. सगळ्या गावच्या कंबरा वाकत हुत्या तिच्या पायाशी. खातूनबी तर पाय सोडायलाच तयार न्हवती. उचलायची वेळ झाली तवा मी म्हनलं, थांबा.

मी तिच्या पायाशी खाली बसलो, डावा पाय लांब केला. पूजा म्हनली, "आण्णा, अहो काय करताय?" खातूनबीनं तिला मागं वढलं. मी लुगड्याखालचा मनूचा उजवा पाय धरला आन् माझ्या घोट्याला टेकवला.

ह्या खेपंला तिनं पाय मागं घेतला न्हाई.