राखाडी पट्टी

“ताई, करा की सही! गाडी किती वेळ उभी ठेवू? अजून दोन ठिकाणी जायचंय मला,” टेम्पोवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

ताईंनी पोचपावतीवर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. सोळा गठ्ठे, गठ्ठ्यात पन्नास, अशी आठशे रिफ्लेक्टर जॅकेटं गोदामात उतरली होती. मोजून झाली होती, मापं जुळली होती, शिवण ओढून पाहून झाली होती. आता सही झाली की कामगारांची जुनी जॅकेटं भरून टेम्पो निघणार होता. जुनी परत द्यायची, या अटीवरच पुरवठादारानं शेवटची सूट दिली होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तरी ताईंचा पाय एका जागी ठरत नव्हता.

“जेवून ये जा,” त्या म्हणाल्या.

“जेवलोय मी.”

“मग चहा पी.”

“ताई, मला चहा पाजून तुम्हाला काय मिळणारे?” तो करवादला, पण गेला.

कारण तसं एवढंसंच होतं. सकाळी पहिला गठ्ठा फोडला तेव्हा झेंडेवाला तिथं उभा होता. रस्ता खणलेला असला की लाल झेंडा घेऊन गाड्या थांबवायच्या, हे त्याचं काम. त्यानं एक जॅकेट हातात घेतलं, पट्टीवर नख फिरवलं आणि “हं” म्हणाला. पुढं काही नाही. ते ‘हं’ कपड्यात कुसळ अडकावं तसं ताईंना तेव्हापासून टोचत होतं.

रस्तेदुरुस्तीच्या त्या खात्यात ताई सव्वीस वर्षं खरेदीच्या टेबलावर होत्या. पाठीमागं सगळे त्यांना घासाघीसताई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. त्यांची घासाघीस आरडाओरड्याची नव्हती. समोरच्यानं फोनवर भाव सांगितला की त्या गप्प बसत. पलीकडचा “हॅलो? ताई, आहात ना?” करत बसे आणि त्या शांततेला घाबरून आपणच दोन टक्के खाली उतरे. “ही बाई तोंड न उघडता एखाद्याचं दुकान बुडवील,” असं गोदामकाका म्हणत.

या वेळी तर त्यांनी कळसच केला होता. तिन्ही विभागांच्या मागण्या एकत्र केल्या, पाठीवरची छपाई काढून टाकली, सात मापांची चार केली आणि अठ्ठावीस टक्के वाचवले. उद्या मुख्य कार्यालयात त्यांचा सत्कार होता. पण ताईंचा जीव सत्कारात नव्हता, साहेबांनी तयार करून ठेवलेल्या मुदतवाढीच्या कागदात होता. चार महिन्यांनी निवृत्ती होती. नवऱ्याचं छपाईचं दुकान गेल्या वर्षी बंद पडलं होतं आणि मुलीच्या नर्सिंगचं एक वर्ष उरलं होतं. नोकरीचं तेवढं एक वर्ष मिळालं की घर काठाला लागणार होतं.

फोन वाजला. नवरा होता.

“उद्या कुठले कपडे घालणारेस? इस्त्री करून ठेवतो.”

“ठेवा हो कुठलेही.”

“कुठलेही काय? फोटो काढतील ना. आणि आवाज असा का? जेवलीस का?”

“जेवले,” ताई खोटं बोलल्या आणि फोन ठेवून तडक गोदामात गेल्या.

झेंडेवाला संध्याकाळच्या पाळीची वाट बघत एका गठ्ठ्यावर बसला होता.

“सकाळी हं कशाला म्हणालास?”

“मी? कधी?”

“साळसूदपणा पुरे.”

तो हसला. “जाऊ द्या ना, ताई. मोठ्या माणसांनी पास केलेला माल. लहान तोंडी मोठा घास कशाला?”

“घे. मी वाढतेय.”

झेंडेवाल्यानं हसणं आवरलं. “पट्टी फार चकाकते, ताई. चांगली पट्टी दिवसा अशी चकाकत नाही. राखेसारखी दिसते.”

साहेबांच्या खिडकीजवळचं टेबल ताईंच्या डोळ्यांसमोर आलं. उन्हात तीन नमुने मांडले होते. दोन चांदीसारखे झगझगीत, तिसऱ्याची पट्टी मळकट राखाडी आणि भाव सगळ्यांत जास्त. “हे तर नवं असतानाच जुनं दिसतंय,” असं ताईच म्हणाल्या होत्या. सगळे हसले होते. तपासणीचा दाखला तेवढा त्या तिसऱ्यालाच जोडलेला होता. भाव वाढवायचं निमित्त समजून ताईंनी तो वाचलासुद्धा नव्हता.

“काका, शटर ओढा.”

“भरदुपारी?” गोदामकाकांनी विचारलं.

“ओढा म्हणते ना!”

शटर खाली आलं. गोदामाला खिडकी नव्हती. झेंडेवाला स्वतःचं जुनं जॅकेट घालून पार टोकाच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडला, “टॉर्च डोळ्याशेजारी धरा, ताई. कमरेशी धरून कळायचं नाही. गाडीवाल्याला दिसतं तसं दिसलं पाहिजे.”

काकांची छोटी टॉर्च ताईंनी कानशिलाशी धरली आणि बटण दाबलं. विटलेल्या, खिसा फाटलेल्या त्या जॅकेटवर दोन पांढरे पट्टे भक्कन पेटले. त्यांच्यामध्ये माणसाची छाती होती, खांदे होते.

“आता नवं घाल.”

अंधारात प्लॅस्टिकची पिशवी फाटल्याचा आवाज आला.

“घातलं.”

ताईंनी टॉर्च लावली. रंगाचे डबे दिसले, शिडी दिसली.

“कुठं आहेस?”

“हा काय, समोर.”

“जरा सरक.”

“हात हलवतोय, ताई. दोन्ही हात हलवतोय.”

आवाज येत होता. माणूस नव्हता. एका जागी अंधार किंचित मळका दिसत होता, इतकंच.

“अरे देवा,” गोदामकाका पुटपुटले आणि कुणी न सांगता त्यांनी शटर वर ढकललं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नमुना कुणाच्या सहीनं पास झाला?”

“माझ्या.”

“आणि माल नमुन्याबरहुकूम आहे.”

“अगदी तंतोतंत. त्याची काही चूक नाही, साहेब. चूक आपली आहे.”

“आपली म्हणू नका. मी तिथं होतो असं कुठं लिहिलेलं नाही.” साहेबांचा आवाज चढला नाही. “हे बघा, दिवसा तर वापरता येतील? पुढच्या वर्षी चांगली घेऊ. उद्या तुमचा सत्कार आहे. मुदतवाढीवर माझी सही व्हायचीय. कशाला आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेता?”

“आज संध्याकाळच्या पाळीला सदतीस माणसं रस्त्यावर आहेत. जुनी जॅकेटं आत्ता टेम्पोतून जातील.”

“ताई, इतकी वर्षं लोक कसलंही घालून काम करत होते.”

ताईंनी पोचपावती त्यांच्यापुढं सरकवली. “मग तुम्ही सही करा, साहेब.”

साहेबांनी कागदाकडं पाहिलं, पेनाकडं पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. पेन उचललं नाही. त्यांनी मुदतवाढीचा कागद तेवढा उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर हळूच आत लोटला.

“तुमचं टेबल, तुमचा निर्णय,” ते म्हणाले.

ताईंनी बाहेर येऊन पुरवठादाराला फोन लावला. माल परत पाठवतेय, राखाडी पट्टीची पाठवा, म्हणाल्या. आज पलीकडून काही उत्तरच येईना. त्यांना ती शांतता चांगली ओळखीची होती. पण या वेळी बोलणं त्यांच्याच वाट्याला आलं होतं. “जाण्यायेण्याचं भाडं आमचं,” त्या म्हणाल्या. तरी उत्तर नाही. “सूट नको.” मग तिकडचा माणूस खाकरला आणि वीस दिवस लागतील म्हणाला. वाचवलेलं सगळं गेलं, वर खात्यालाच पदरचं थोडं घालायची पाळी आली.

पोचपावतीवर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘माल परत. नमुना निवडण्यात माझ्याकडून चूक झाली.’ खाली सही केली.

टेम्पोवाला वाचत उभा राहिला. “असं कुणी लिहितं का, ताई? ‘माल सदोष’ लिहा. सगळे तसंच लिहितात.”

“सदोष नाही तो. भर गठ्ठे.”

पाळीची वेळ झाली तशी माणसं गोदामाशी जमू लागली. नवी जॅकेटं मिळणार म्हणून काही जण लवकर आले होते. परत जायच्या तयारीनं दारापाशी बांधून ठेवलेली जुनी जॅकेटं बघून कुजबुज सुरू झाली.

“काय हो घासाघीसताई,” गर्दीतून कुणीतरी तोंडावरच म्हणालं, “एवढे पैसे वाचवलेत म्हणे, आणि आमच्या अंगावर पुन्हा हीच चिरगुटं?”

“ए, गप!” झेंडेवाला खेकसला.

“बोलू दे,” ताई म्हणाल्या. “वीस दिवस हीच घालायची. आणि पट्टी पुसून घाला, धुळीनं उजेड मरतो.”

त्या उकिडव्या बसल्या आणि पहिल्या गठ्ठ्याची गाठ नखानं सोडवू लागल्या. गाठ करकचून बसली होती. झेंडेवाल्यानं खिशातून चाकू काढून पुढं केला. “सरका ताई, कापून टाकतो.”

“कापू नकोस,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “चांगली दोरी आहे.”

गाठ सुटली. ताई एकेक जॅकेट वरच्या हातांत देत गेल्या, आणि मोकळी झालेली दोरी तळहाताभोवती गुंडाळत गेल्या.