तिसरं पिंप

तापातून उठून थोरलीला तीन आठवडे झाले होते, पण नाक काही परत आलं नव्हतं. लसूण नाही, रॉकेल नाही, काही म्हणजे काही कळत नव्हतं. डोंगरावरच्या या वाइनच्या कारखान्याची सगळी भिस्त जिच्या नाकावर, तिनं हे सांगायचं कुणाला? तिनं कुणाजवळ ब्रही काढला नव्हता.

आज खरेदीदार वर आला होता. त्याची रीत ठरलेली. वाइन करणाऱ्यानं आधी चाखून मत द्यायचं, मग तो पेला उचलणार. मत खोटं निघालं की संबंध संपला.

तळघरात धाकटा भाऊ पिंपांतून पेले भरत होता. थोरलीनं शक्कल लढवली होती. वास त्याला येणारच, आणि मनातलं त्या भोळसटाच्या तोंडावर उमटल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या पिंपाला तो खुलला. ती बादलीत थुंकली आणि म्हणाली, "छान उतरलीय." खरेदीदारानं चाखून मान डोलावली. दुसऱ्याला भावानं ओठ मुडपले. "हिला अजून वर्षभर पडू द्या," ती म्हणाली. तेही बरोबर निघालं. हुश्श!

तिसऱ्याला मेला पाठ करून उभा! पेला दिला तोही मान खाली घालून. थोरलीनं घोट घेतला. आंबट, तुरट, एवढंच जिभेला कळलं. खरेदीदार तिच्याकडे टक लावून बघत होता.

"बोला ना, बाई."

'छान' अगदी ओठांवर आलं होतं. तिनं पेला खाली ठेवला.

"मला वास येत नाही. तीन आठवडे झाले. मघाशी मी याचं तोंड बघून बोलले."

खरेदीदाराचा चेहरा उतरला. "मग या पिंपाचं कोण सांगणार?"

"हा सांगेल. अरे, बघतोस काय? बोल!"

धाकटा पिंपावर हात ठेवून म्हणाला, "बुरसटलीय, ताई. पिंप मीच धुतलं होतं. नीट वाळू न देताच भरलं. वाटलं, तू आता सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढणार."

खरेदीदारानं पेला हुंगला आणि बाजूला सारला.

"अजून चार पिंपं राहिलीत," तो धाकट्याला म्हणाला. "आता आधी तू चाख."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. बारा वर्षं ती जागा तिची होती.

"जा की," ती म्हणाली, आणि पेले भरायला स्वतः पिंपाशी वाकली.