नऊ नंबरच्या हरणाचा संशय

मित्रांनो, माझ्या अंगावरची भोकं बघून घाबरू नका. मला दुखत नाही. मी हरणाचा एक जुना पुतळा आहे, फोमचा. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावाजवळच्या एका लहानशा रानात धनुर्विद्येचा क्लब आहे. तिथे नेमबाज झाडांमधून चालत एकेका निशाण्यापाशी येतात आणि बाण मारतात. मी नववा निशाणा.

साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी तपकिरी, तुकतुकीत होतो. लोक म्हणायचे, "अगदी खरा वाटतो!" आता पाठीवर शेवाळ चढलंय, एक शिंग पहिल्याच हिवाळ्यात गेलं आणि छातीचा तुकडा दोनदा बदलून झालाय. सगळे माझ्याकडे रोखून बघतात, म्हणून मीही सगळ्यांकडे रोखून बघायला शिकलो. माझा स्वभावच संशयी झाला.

नवख्यांना शिकवतात त्या लीलावतीबाई. चाळीस वर्षं नर्सचं काम करून निवृत्त झालेल्या. सहा शनिवारांचा कोर्स पुरा केल्याशिवाय त्या कुणाला रानात पाऊल टाकू देत नाहीत. पण हा झाला क्लबचा नियम. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, तरी धनुष्य विकत घ्यायला ना परवाना लागतो, ना शिक्षण. कोर्स कायद्यानेच सक्तीचा करा, असं पत्र लीलावतीबाई खासदारांना लिहीत होत्या.

"लीलाताई, कायदा कशाला?" उल्हासराव म्हणायचे. ते क्लबचे सगळ्यांत जुने मेंबर. "जबाबदार माणूस आपणहून शिकतो. ज्याला वाकडंच वागायचंय, तो कायदा थोडाच वाचतो?"

"आणि ज्याला काही ठाऊकच नाही, त्याचं काय?" त्या विचारायच्या.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी माझ्या पाठीत काहीतरी घुसलं. क्लबच्या बाणांची टोकं साधी असतात, त्यांनी गोल भोक पडतं. ही मात्र लांब, धारदार चीर होती. शिकारीच्या पात्याचा बाण! तोही पाठीमागच्या काटेरी झुडपातून आलेला. एरवी बाण डावीकडून येतात, कारण उजवीकडे मातीचा उंच बांध आहे, चुकलेला बाण तिथे रुततो. माझ्या समोर मात्र ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे लोकांची पायवाट. दुसरा बाण मला चुकवून तिकडेच गेला.

शनिवारी मीनल तो बाण घेऊन आली. ती रोज सकाळी त्या वाटेने कुत्र्याला फिरवते.

"काकू, हा माझ्यापासून दहा पावलांवर कुंपणाच्या खांबात घुसला," ती म्हणाली. "कमरेएवढ्या उंचीवर."

सगळ्यांना एकच नाव आठवलं. यतीन! नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. दोन शनिवार येऊन तो गायब झाला होता आणि त्याने ऑनलाइन धनुष्य मागवल्याचंही कळलं होतं. बाण मारणारा मला दिसला नव्हता, तरी माझीही खात्री पटली.

त्याच दिवशी यतीन आला. कुणी त्याच्याशी बोलेना.

"आजकाल ऑनलाइन काय वाटेल ते मिळतं," उल्हासराव बूट पुसत मोठ्याने म्हणाले.

"काकू, माझं धनुष्य अजून बॉक्समध्येच आहे," यतीन म्हणाला. "शनिवारी ऑन-कॉल ड्युटी लागली, म्हणून आलो नाही."

"बरं," लीलावतीबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात विश्वास नावालाही नव्हता.

पुढच्या मंगळवारी उजाडताच त्या एकट्याच येऊन डावीकडच्या ओकच्या झाडामागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने यतीन आला. रिकाम्या हातांनी.

"तू? इथे काय करतोयस?"

"तुम्ही करताय तेच, काकू. माझ्यावर आळ आणणारा कोण, ते बघायला आलोय."

एवढ्यात माझ्या पाठीमागे पाचोळा वाजला. दोरी ताणल्याचा आवाज आला.

"थांबा!" लीलावतीबाई ओरडल्या.

झुडपातून उल्हासराव बाहेर आले. "अहो लीलाताई, पुढच्या महिन्यात हंगेरीला जातोय ना, शिकारीला. तिथे धनुष्याने चालते. जरा प्रॅक्टिस. आणि माझ्याकडे सर्टिफिकेट आहे की!"

"कधीचं?"

"दोन हजार एकचं."

"समोर पायवाट आहे, दिसत नाही?"

"इतक्या सकाळी तिथे कोण असणार, म्हटलं..."

"मीनल होती. शनिवारी तिने बाण दाखवला, तेव्हा तुम्ही तो ओळखला होता. तरी या पोराकडे बोट जाऊ दिलंत."

उल्हासरावांनी मान खाली घातली. यतीन पाठ फिरवून चालू लागला, आणि तेच मला त्या पात्यापेक्षा जास्त लागलं.

पुन्हा कोर्स केल्याशिवाय उल्हासरावांना रान बंद, असं कमिटीने ठरवलं. लीलावतीबाईंनी खासदारांचं पत्र धाडलं, पण आधी त्यात एक ओळ वाढवली: सर्टिफिकेटला मुदत असावी, शिकवणाऱ्यांच्यासुद्धा.

पहिल्या शनिवारी त्यांनी उल्हासरावांना हातात काही न देता पायवाटेवर अर्धा तास उभं केलं. काठी टेकत एक म्हातारं जोडपं गेलं. बाबागाडी ढकलत एक आई गेली. मीनलचा कुत्रा त्यांचे बूट हुंगून गेला. प्रत्येकाने त्यांना हसून "मॉर्निंग!" म्हटलं.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कोर्सला आलेला यतीन बाकावर बसला होता, ते थेट त्याच्यापाशी गेले.

"त्या दिवशी मी गप्प बसलो. चुकलं माझं."

"हो काका, चुकलंच," यतीन म्हणाला. मग सरकून त्याने त्यांना बसायला जागा दिली.

मित्रांनो, ज्या वस्तूने दुसऱ्याला इजा होऊ शकते, ती वापरायला नीट शिकल्याशिवाय हातात घेऊ नका, आणि एकदा शिकलोय म्हणून निर्धास्तही राहू नका. आणखी एक. न बघता मीही यतीनला दोषी ठरवलं होतं. त्याची माफी मागावीशी वाटते, पण माझं तोंड फोमचं, ते उघडत नाही. तुमचं उघडतं.