तेरा नंबरच्या तारा

“दाखवा बघू तो हात,” मी म्हटलं.

प्रधानांनी हात शालीखाली सरकवला. “काही नाही गं. थंडी आहे.”

“थंडीनं एकाच हाताची बोटं चिरतात होय? आणा इकडे!”

ओढूनच घेतला. डाव्या हाताची बोटं सांध्यांपाशी सुजलेली, शेंड्यांवर तारांचे लाल वळ, आणि मधल्या बोटाला चक्क चीर. सकाळपासून हा माणूस स्वेटरच्या बटणाशी झटापट करत होता आणि मी मेली बाल्कनीत ऊन खात मटार सोलत बसले होते.

प्रधान म्हणजे माझे यजमान. आम्ही दोघं दिल्लीत एकाच मंत्रालयात नोकरीला होतो, तिथे मी त्यांना आडनावानं हाक मारायची आणि लग्नानंतरही ती सवय काही सुटली नाही. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात मिठाची गुळणी. जे काही सांगायचं ते गिटारवर. आमची रुचिता लग्न होऊन पुण्याला गेली, त्या दिवशी मयूर विहारच्या या घरात प्रधान चकार शब्द बोलले नाहीत. संध्याकाळभर गिटार वाजवत बसले, आणि मला सगळं कळलं.

त्यामुळे डॉक्टरांनी संधिवात सांगितला तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त हादरले. गिटार थांबली तर या घरात माझ्याशी बोलणार कोण?

डॉक्टर म्हणाले, “वाजवा, पण बोटांवर जोर नको. हलक्या तारा मिळतात का बघा.” झालं, मी मनावर घेतलं. ऑनलाइन शोधलं तर गिटारच्या तारांनाही नंबर असतात म्हणे. आता नंबरांचं मला कुणी शिकवू नये! हिवाळ्यात लंचला ऑफिसच्या लॉनवर बसून मी अख्ख्या सेक्शनच्या पोरांना स्वेटर विणलेत. आठ नंबरची सुई जाड, बारा नंबरची बारीक. नंबर जेवढा मोठा तेवढी सुई नाजूक. तारा होत्या दहा, अकरा, बारा आणि तेरा. मी बेधडक तेरा मागवल्या.

प्रधानांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “वा!” त्याच दुपारी तारा बदलल्या. मग रोज संध्याकाळी वाजवायला लागले. “दुखतंय का?” विचारलं की “छे!” मी आपली खूश. रुचिताला फोन करून सांगितलंसुद्धा, तुझ्या बाबांचा प्रॉब्लेम मी सोडवला म्हणून.

आणि आता ही बोटं. दोष त्यांच्या त्या भल्याथोरल्या गिटारचाच असणार, असं मी ठरवलं. मेट्रोनं त्यांना गुरुग्रामला घेऊन गेले. तिथल्या एका मॉलमध्ये वाद्यांचं मोठं दुकान आहे. काउंटरवर चिराग नावाचा हसरा तरुण होता. त्यानं बोटं पाहिली आणि विचारलं, “अंकल, अभी तार कौन से लगे हैं?”

प्रधान काही बोलायच्या आत मीच म्हटलं, “तेरा नंबर के. सबसे बारीक. मैंने ही मंगवाए.”

चिराग हसला. “अरे आंटी, उल्टा! तेरह तो सबसे मोटे हैं. अंकल को तो पता होगा.”

मी वळून पाहिलं. प्रधान छताकडे बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हं.”

“पहिल्या दिवसापासून?”

“तू एवढ्या हौसेनं आणल्या होत्यास, अलका.”

मला असा काही राग आला म्हणता! आणि रागाबरोबर रडूही. भर दुकानात पदरानं डोळे पुसत मी त्यांना झाडलं. “हौस घालायची चुलीत! मी रोज विचारत होते ना? रोज छे म्हणत होतात! उद्या ही बोटं कायमची गेली असती तर माझी हौस काय पुरायची होती?” चिराग बिचारा पाणी घेऊन आला.

मग त्यानं एक लहानखुरी गिटार काढली. हिच्यात तारेची लांबीच कमी, म्हणाला, त्यामुळे सूर तोच राहतो पण ताण कमी लागतो, आणि दांडीवरची घरं जवळजवळ असल्यानं बोटं फार फाकावी लागत नाहीत. प्रधानांनी तोंड वाकडं केलं. “हे पोरांचं आहे.”

“असू दे. धरा आधी,” मी म्हटलं.

धरली. एक सूर दाबला, मग दुसरा. मग अंगठा सोडून चारही बोटं एकदम लागणारा तो अवघड सुरांचा मेळ, कॉर्ड म्हणतात तो, जो ते गेले कित्येक दिवस गाळत होते. स्वच्छ वाजला. प्रधानांची भुवई वर गेली.

“मग हिला दहाच्या तारा लावायला सांगा,” मी म्हटलं. “सगळ्यात बारीक.”

“नको. आखूड गिटारवर दहा ढिल्या पडतात, फडफडतात. अकरा बरोबर.” एवढं लांब वाक्य! “पण अलका, हिचा आवाज लहान आहे. जुनीसारखा घुमणार नाही.”

ते खरंच होतं. जुनी वाजली की स्वयंपाकघरातही ऐकू यायची. खोटं कशाला बोलू? “नाही घुमणार,” मी म्हटलं. “मी जवळ बसेन.”

घरी आल्यावर चहा झाला. त्यांनी जुनी गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि पिशवीवरून एकदा हात फिरवला. मग नवी घेऊन पलंगावर बसले. मी शेजारी. वाजवत होते, हळूहळू, थांबत थांबत. तिसऱ्या ओळीला चेहरा किंचित आक्रसला.

“दुखतंय का?”

बोटं थांबली. छे म्हणायला त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मग डावा हात त्यांनी माझ्यापुढे केला.

“हो,” ते म्हणाले. “हे बोट. आणि हे. सकाळी जास्त. कधी कधी भीती वाटते गं.”

मी ती दोन्ही बोटं हातात धरली. गिटार त्यांच्या मांडीवर नुसतीच पडून होती, आणि प्रधान बोलत होते.