सातव्या बाकड्यावरचे गृहस्थ

चारुदत्तरावांबरोबर फिरायला जाणं ही एक शिक्षाच होती, आणि सुनीतीबाईंनी ती चौतीस वर्षं भोगली. माणूस जमीन मोजणीच्या खात्यातला. निवृत्त झाला तरी पावलं मोजूनच टाकायचा. पांढरकवड्याच्या अलीकडे राखीव रानात लोकांना फिरण्यासाठी पायवाट काढली, अडीच किलोमीटरची, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमेल अशी सपाट, हे पेपरात वाचून कार्तिकातल्या एका रविवारी ते बायकोला घेऊन यवतमाळहून हौसेनं आले. आणि पहिल्याच पाटीपाशी नमनाला घडाभर तेल. "पाटीवर धावडा लिहिलंय आणि झाड ऐनाचं आहे. लिहितं कोण हे?" पुढच्या पाटीवर मोहाचं स्पेलिंग चुकलेलं. बरोबर आलेली गाईड पोरगी आरजू बिचारी मान डोलावून डोलावून थकली.

झाडी संपून गवताळ माळ सुरू होतो तिथे सातवं बाकडं आहे. तिथे त्यांना दम लागला. आरजू बाकीच्या मंडळींना घेऊन पुढे गेली होती. सुनीतीबाई म्हणाल्या, "बसा तुम्ही इथंच. मी जरा माळ बघून येतेच."

चूक झाली ती इथे. वाट गोल होती. गेलेला माणूस त्या बाकड्यापाशी परत येतच नाही, माळ ओलांडून नाल्याकाठानं थेट फाटकावर निघतो. फाटकावरच्या नकाशात तसं दाखवलं होतं. चारुदत्तरावांनी तो नकाशा दहा मिनिटं वाचला होता, बाईंनी बघितलाही नव्हता. समोर फाटक दिसल्यावर त्यांनी मागे फिरायला हवं होतं. पण येतील की रमतगमत मागून, असं म्हणून त्या फाटकाजवळच्या टपरीवर बसल्या. चहा घेतला, वर तर्री घालून पोहे खाल्ले. पंचवीस मिनिटं पाय पसरून बसल्या, आणि कानाशी कुणी झाडांची नावं सांगत नव्हतं. फार बरं वाटलं त्यांना. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या लेकीलासुद्धा नाही.

चारुदत्तराव बाकड्यावर बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणाचं काम. तो क्षण पंचवीस मिनिटांतला पहिला की शेवटचा, ते डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. बाईंच्या मनात मात्र त्याचाच हिशेब चालायचा, अंथरुणावर पडलं की हमखास.

फाल्गुनात आरजूचा फोन आला. तिचे वडील रहेमान यांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. पोरगी सरळ बोलणारी. पण त्या दिवशी ती अडखळत होती.

"काकू, राग नका मानू. तीन जनायनं मले सांगतलं म्हनून फोन केला. वेगवेगळ्या दिवशी आलते ते, एकमेकायले वळखतही नाही. सात नंबरच्या बाकड्यावर एक काका बसून राह्यते म्हनते. पांढरा शर्ट, इस्तरीचा. जानाऱ्यायले इचारते, पुढं एक बाई गेल्या, दिसल्या का?"

"अजून काय म्हणतात?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"म्हनते, भेटल्या तर सांगजा. सावकाश या म्हनावं. घाई नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात खालीच बसल्या. शर्ट पांढरा काय, कुणाचाही असतो. पण "घाई नाही" हे त्यांचंच. चौतीस वर्षं प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला निघताना पायांत बूट घालून, हातात किल्ली घेऊन दारात उभे राहत आणि म्हणत, "होऊ दे तुझं, घाई नाही." आपण "येतेच" म्हणून गेलो आणि हा माणूस त्या शब्दावर चार महिने बसून आहे. त्यांना सोडवायचं तर आपणच जायला हवं.

पुढच्या रविवारी उन्हं वर येताना त्या फाटकावर पोचल्या. फाटकावरचा बाबूसिंग बंजारा तांड्यावरचा म्हातारा. वयस्क बायांना तो याडीच म्हणायचा, म्हणजे आई. त्याला सगळं माहीत होतं. तो त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "याडी, ऐक. पयले त्यायले सांग, मी आली म्हून. मंग उठताना 'जातो' म्हन. 'येतो' म्हनू नोको. येतो म्हनलं का मानूस वाट पायते."

सोपं सांगितलं त्यानं. पण दारातून निघताना "जाते" म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. एखाद्यानं म्हटलंच तर घरातली बाई लगेच "जाते नाही, येते म्हण" करून अंगावर येते. मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत, हे खरं. पण तिथे "जातो" तरी कोण म्हणतं? मुकाट्यानं चपला घालून निघायचं असतं. सुनीतीबाईंच्या जिभेनं साठ वर्षांत तो शब्द उंबऱ्यावर उच्चारला नव्हता. म्हणून त्या वाटेनं घोकत निघाल्या, जाते, जाते, जाते.

"काय म्हनलं काकू?" आरजूनं विचारलं.

"काही नाही गं."

वणवा पसरू नये म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना गवत जाळून काळे पट्टे केले होते. सागाची पानं पायाखाली इतकी वाजत होती की मागून अजून कुणी चालतंय असं वाटावं. बाई दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा तो आवाज त्यांच्यानंतर एक पाऊल उशिरा थांबला. आरजू पुढे होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पण ओढणी घट्ट धरली.

सातव्या बाकड्यावर कुणी नव्हतं. दोन सिमेंटचे ठोकळे आणि त्यांवर एक लांब फळी.

"मधात बसजा काकू," आरजू लांबूनच म्हणाली. "खिळे निघाले हायेत. टोकावर बसलं तं फळी उलटते."

सुनीतीबाई टोकावरच बसल्या. सवयच ती, मधली जागा कधी त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती. फळी उलटली नाही. हललीसुद्धा नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी जड माणूस बसलेला असावा तशी दबून राहिली. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. समोरच्या पिवळ्या माळावर चितळं चरत होती, त्यांच्याकडे बघत त्या बोलल्या.

"अहो, आले मी. उशीर झाला. वाट गोल होती, मला ठाऊक नव्हतं." मग थोडं थांबून खरं ते सांगितलं. "फाटक दिसल्यावर फिरता आलं असतं. नाही फिरले. पोहे खात बसले होते. तुम्ही नव्हता तर बरं वाटत होतं मला. असं कसं वाटलं मला?"

शेजारून एक लांब उसासा आला. गुडघ्यावर हात टेकून उठताना ते सोडत, अगदी तसाच. आणि फळीचं ते टोक हळूहळू वर यायला लागलं. बाई आपल्या बाजूला कलंडल्या, पाय रोवून घाईघाईनं उभ्या राहिल्या, तशी रिकामी फळी सपाट झाली. जीव भांड्यात पडला. उठले, निघाले. आता तो एक शब्द तेवढा बोलायचा. त्यांनी पदर सारखा केला, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या,

"बरं, येते हं."

फळीचं ते टोक करकरलं आणि कुणी जड माणूस पुन्हा टेकावा तसं दबलं.

सुनीतीबाई तिथेच थिजल्या. चुकून गेलं होतं तोंडातून. पुन्हा बोलून सुधारता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या माळाच्या दिशेनं चालू लागल्या, आधी सावकाश, नंतर भराभर. वळणापाशी आल्या तेव्हा बाकडं चाळीस पावलांवर होतं. तिथूनही ओरडून सांगता आलं असतं. यवतमाळच्या घरात रोज सकाळी त्या एकट्या उठत, एक कप चहा टाकत. त्यांची वाट बघणारं त्या घरात कुणी नव्हतं. इथे होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त धीर आला.

फाटकावर बाबूसिंग उभाच होता. त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हनलं ना, याडी?"

"म्हटलं."

म्हाताऱ्यानं डोक्यावरचं पागोटं काढून छातीशी धरलं. "मंग सुटला बिचारा."

"हो," सुनीतीबाई म्हणाल्या, "सुटले."