डोहाची नाडी

डोहाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. ईस्टरच्या सुट्टीत तुलूमच्या समुद्रावर आलेली माणसं, आसपासच्या खेड्यांतले आजारी, त्यांना धरून आणणारे नातेवाईक, सगळे जमिनीतल्या त्या गोल भगदाडात वाकून बघत होते. खाली निळंशार पाणी. वर लाकडी मचाणावर पांढऱ्या कपड्यांतला डोहाचा भगत, तात एलिहिओ, आणि त्याच्या हातात दोराला बांधलेला काळा मातीचा गडू.

"डॉक्टर सुई टोचतो, डोह नुसता घोट पाजतो," तात म्हणाला. "डॉक्टर रक्त मागतो, डोह फक्त भाव मागतो. हा डोह तुमची नाडी बघतो. बोला, पुढं कोण?"

ओबदुलियानं आपल्या मधुमेही लेकीला पुढं केलं.

ओबदुलियाची धाकटी बहीण इमेल्दा मागं उभी होती. तिला हे मुळीच नको होतं. ती वायादोलिदच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दर सुट्टीत दोघी बहिणी आणि भाची यारित्सा जुन्या गाडीतून समुद्रावर यायच्या आणि बसवाल्यांची गर्दी टाळून आडवाटेचे डोह शोधत फिरायच्या. पाटी दिसली की वळायचं, मनसोक्त पोहायचं, भूक लागली की निघायचं. या डोहाची पाटी यारित्सालाच दिसली होती.

गडू सरसर खाली गेला आणि दिसेनासा झाला. तातानं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला, दोर ओढून घेतला. यारित्सानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे."

गर्दीत कुजबुज पसरली. मघाशी सगळे याच पाण्यात पोहले होते. ते गोडं होतं.

"दुखणं बोललं," तात म्हणाला. "पोर औषधाच्या ताब्यात आहे. उपास करा, नवस बोला, परत या. पाणी गोड आलं की समजा, रोग डोहानं घेतला. मग औषधही त्यालाच द्यायचं."

गाडीत इमेल्दा म्हणाली, "ताई, समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. पाणी खारट यायला देव कशाला लागतो?"

"मग वरचं गोडं कसं?"

"कारण खाली..."

"राहू दे. पोटच्या पोरीला रोज सुया टोचायला लागल्या असत्या, तर तू अशी बोलली नसतीस."



नंतर इमेल्दा बाजारात गेलेली असताना ओबदुलिया लेकीला घेऊन पुन्हा डोहावर गेली. गडू वर आला. आधी यारित्सानं चव घेतली, मग आईनं. पाणी गोड होतं. ओबदुलियानं इन्सुलिनची पेटी स्वतःच्या हातानं डोहात सोडली आणि लेकीला बजावलं, "मावशीला इतक्यात सांगू नकोस."

यारित्सा खुशीत होती. तिनं इतर मुलांसारखं मनाला येईल ते खाल्लं. मग तिला तहान लागू लागली, न भागणारी. ती ओकली तेव्हा इमेल्दाला वाटलं, ऊन बाधलं असेल. पण पोर धापा टाकू लागली, आणि तिच्या श्वासाला कुजक्या फळांसारखा वास येऊ लागला.

"ताई, इन्सुलिन शेवटचं कधी दिलंस?"

ओबदुलिया लेकीचं तोंड पुसत राहिली.

"ताई, पेटी कुठाय?"

"पाणी गोड आलं होतं, इमे."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. पण फार उशीर झाला होता, मेंदूला सूज आली होती. यारित्सा शुद्धीवर आलीच नाही.

दफनानंतर ओबदुलिया रडली नाही. जो येईल त्याला एकच सांगायची, "दवाखान्यात नेलं म्हणून गेली. डोहानं तिला बरं केलं होतं. मी स्वतः चव घेतली."

इमेल्दाला आता तातानं केलेली लबाडी कळली होती. पण ती सिद्ध केली, तर बहिणीला उरलेला जन्म काय घेऊन जगावं लागेल, हेही दिसत होतं. म्हणून ती बोलली नाही. मग एका सकाळी ओबदुलिया म्हणाली, "शेजारच्या नेयदीच्या मुलाला फिट येतात ना, त्याला रविवारी डोहावर नेणार आहे. माझ्या पोरीचं झालं नाही, निदान त्याचं तरी होऊ दे."

"मीही येते," इमेल्दा म्हणाली.

रविवारी तिनं गर्दीसमोर पिशवीतून एक साधी बाटली काढली. तळाला दगड बांधलेला, बुचाला वेगळी तंगूस, मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी.

"इथली जमीन चुनखडीची," ती म्हणाली. "समुद्राचं पाणी तिच्यातून आत झिरपतं. ते जड, म्हणून तळाशी राहतं. पावसाचं गोडं पाणी त्यावर तरंगतं. आता सांगा, कुठलं हवं?"

"खारट," कुणीतरी म्हणालं.

तिनं बाटली खोल सोडली आणि तिथं तंगूस ओढली. वर आलेलं पाणी खारट होतं. मग बाटली रिकामी करून, बूच घट्ट बसवून पुन्हा तितकीच खोल सोडली, पण तंगूस ओढली ती बाटली वर येता येता. पाणी गोडं निघालं.

"बाई, देवाची टिंगल करू नका," एक म्हातारा चिडून म्हणाला.

"देवाला कशाला मध्ये आणता, आजोबा? तातांना मूठ उघडायला सांगा."

तातानं मूठ आवळली. पण दोराशेजारून लोंबणारी बारीक तंगूस उन्हात चमकत होती. पुढच्या एका बाईनं ती धरून ओढली. गडूचं मेणाचं बूच टप्पकन मचाणावर पडलं.

"हीच का डोहाची नाडी?" ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

तात श्रद्धा, पाखंड, शाप असं काय काय बडबडत पायवाटेनं निघून गेला. काहीजण त्याच्यामागं गेलेही.

ओबदुलिया बहिणीसमोर आली. "मला काढून दे. गोडं."

"ताई, नको."

"दे."

इमेल्दानं बाटली सोडली, ओढली. ओबदुलिया एक घोट प्यायली. मग ती तिथंच खडकावर बसली.

नेयदी मुलाच्या गोळ्या हातात घेऊन ताटकळत उभी होती.

"गोळ्या पिशवीत ठेव," ओबदुलिया तिला म्हणाली. "डोहानं माझ्या पोरीचं दुखणं घेतलं नाही. मी तिचं औषध घेतलं. मी तातांना एकच विचारायला हवं होतं, गडू एकदा माझ्या हातात देता का. तेवढंही विचारलं नाही मी. तू विचारत जा, नेयदी. कुणी रागावलं तरी विचारत जा."